पंचाहत्तर किलो आणि सहा लंगोट

उष्टावणाच्या दिवशी सकाळी मीनाक्षीने गॅलरीतल्या दोरीकडे पाहिलं आणि तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय ते मात्र ध्यानात येईना. तांदळाची खीर गॅसवर होती, चांदीची वाटी घासायची राहिली होती, विहीणबाई नऊपर्यंत येणार होत्या आणि अण्णा घरात नव्हते. हे शेवटचं कारण तिला पुरेसं वाटलं. काही बिनसलं की ते अण्णांमुळेच असणार असं धरून चालायचं, म्हणजे पुढची शोधाशोध वाचते, हा तिचा बेचाळीस वर्षांच्या संसारातला साधा नियम होता. ती आत गेली आणि खीर ढवळायला लागली.

नियम आजही बरोबर होता. फक्त ते कळायला तिला आणखी तासभर लागणार होता.

अण्णा त्या वेळी चाळीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत घड्याळ धरून उभे होते आणि त्यांची सून टाकीभोवती पळत होती. ऋताच्या अंगात स्वेटर होता आणि स्वेटरवर गुडघ्यापर्यंत पोचणारा काळा, जाड रबरी रेनकोट.

हा रेनकोट घरातल्या कित्येक माणसांपेक्षा जुना. अण्णा म्युनिसिपालिटीच्या पाणी खात्यात क्लार्क होते. रेनकोट खरं तर फिटरांसाठी आलेले, पण एक उरला आणि तो अण्णांच्या अंगाला बसला. पावसात त्यांनी तो फारसा वापरला नाही. कबड्डीच्या मोसमात मात्र भोईवाड्याच्या त्यांच्या मंडळात या रेनकोटाला मानाची जागा होती. कुणी वजनात बसत नसलं, की त्याला हा चढवायचा, दोन दिवस पाणी तोडायचं आणि पळवायचं. मंडळाच्या तीन पिढ्या या रेनकोटात घामाघूम झाल्या होत्या. आता चौथी पळत होती, आणि ती घरचीच होती याचा अण्णांना केवढा तरी अभिमान होता. मुलगा उन्मेष कॅरमकडे वळला ते दुःख त्यांनी वीस वर्षं गिळलं होतं. सून आली ती डावा कोपरा सांभाळणारी, घोटा धरला की सोडायचा नाही अशी. देवाने उशिरा का होईना, पण दिलं.

"अजून दहा फेऱ्या," अण्णा म्हणाले.

ऋता थांबली. गुडघ्यांवर हात टेकून वाकली. "अण्णा, जीभ टाळूला चिकटतेय."

"चूळ भर आणि थुंकून टाक. गिळायचं नाही. पाच वाजता वजन दिलंस की हवं तेवढं पी. मी स्वतः लिंबू सरबत करून आणतो."

"सकाळी किती भरलं?"

"पंचाहत्तर सहाशे. म्हणजे राहिले किती? सहाशे ग्रॅम. आमच्या वेळेला एवढं तर आम्ही थुंकूनच घालवायचो."

ऋता हसली, पण हसताना ओठ फुटला म्हणून लगेच थांबली.

मनू तीन महिन्यांची झाली तेव्हा ऋताचं वजन चौऱ्याऐंशी होतं. महिला गटात पंचाहत्तरच्या वर असाल तर मैदानाबाहेर बसायचं, त्यात घासाघीस चालत नाही. मग बाळाच्या डॉक्टरांनी सांगितलं तसं तिने सुरू केलं. मनूला पोटभर पाजायचं आणि मग चालायला निघायचं, हातात पाण्याची बाटली. भाकरी, डाळ, अंडी, आईकडचे मासे सगळं खायचं. फक्त मीनाक्षीचे डिंकाचे लाडू रोज दोनाऐवजी अर्धा. मीनाक्षीला तो अपमान अजून पचला नव्हता. पण आठवड्याला अर्धा किलो असं मोजून उतरत गेलं, मनूही बाळसं धरत गेली. असंच चाललं असतं तर दीड महिन्यानंतरच्या स्पर्धेला ऋता आरामात वजनात बसली असती.

पण मैदान कुठल्याशा लग्नाला दिलं गेलं आणि स्पर्धा दीड महिना अलीकडे आली. जिल्ह्याच्या संघाची निवड याच स्पर्धेतून व्हायची होती. ऋता एकतीस वर्षांची, दोन मोसम घरी बसलेली; यंदा निवड समितीच्या डोळ्यांपुढे आली नाही तर पुढच्या वर्षी तिचं नाव कुणाला आठवणार होतं? बुधवारी वजन भरलं सत्त्याहत्तर चारशे. त्याच संध्याकाळी अण्णांनी माळ्यावरून रेनकोट काढला, आणि दोघांनी घरात कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं.

"जा, पळ," अण्णा आता म्हणाले. "खाली मनू उठली असेल."

ऋताने खाली पाहिलं. मनू पहाटेही अंगावर पिताना मधेच तोंड काढून रडली होती. दात येत असतील, असं तिने स्वतःला सांगितलं होतं. तिने तेच पुन्हा सांगितलं आणि पळायला लागली.

*

ऋताची आई दमयंती आली ती सुरमईची पिशवी घेऊन. भावेश, म्हणजे मनूचा मामा, बंदरावरून परस्पर यायचा होता. उष्टावणाचा पहिला घास मामाने भरवायचा, त्यामुळे त्याच्यावाचून सगळं अडलेलं. दमयंतीने पिशवी विहिणीच्या हातात दिली, हात साबणाने दोनदा धुतले, वास घेऊन पाहिला, तिसऱ्यांदा धुतले आणि मग नातीला उचललं.



मनूला तिने खाली गोधडीवर ठेवलं, पुन्हा उचललं. डाव्या हातावर घेतलं, मग उजव्या.

"काय झालं आई?" उन्मेषने विचारलं. तो पाटाभोवती रांगोळी काढत होता आणि ती गोल येत नव्हती.

"गेल्या रविवारी हिच्यापरीस जास्त होती."

उन्मेष हसला. "आई, ती काय सुरमई आहे?"

"जावईबापू, चाळीस वर्षं मी मासळी हातानं तोलते आन् मग काट्यावर घालते. गिऱ्हाईक मना हसतं, मग काटा बघतं आन् गप बसतं." दमयंती हसत नव्हती. "पोर हलकी लागते."

मीनाक्षी स्वयंपाकघराच्या दारात होती. तिच्या डोक्यात सकाळची ती दोरी एकदम आली. ती तडक गॅलरीत गेली. मनूचे लंगोट ती स्वतः धुवायची. रोज सकाळी दोरी अर्ध्याहून जास्त त्यांनीच भरलेली असायची, आणि शेजारच्या रघूच्या बायकोशी त्या दोरीवरून तिचं वर्षाकाठी एक भांडण ठरलेलं असायचं. आज दोरीवर दोन लंगोट होते. काल संध्याकाळपासूनचे, दोन.

"उन्मेष," ती आत येऊन म्हणाली, "तू रात्री डायपर घातलास का तिला?"

"नाही. मला वाटलं तू काढून ठेवलेस लंगोट."

"मी कशाला काढू? मला वाटलं तू डायपर घातलास."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्याच वेळी ऋता आंघोळ करून, ओले केस पुसत बाहेर आली, आणि तिच्या मागून अण्णा. आल्या आल्या अण्णांनी पंख्याकडे पाहिलं आणि तो हळू फिरतोय असं काहीतरी पुटपुटले. पंखा बंद होता.

"इकडं ये गो," दमयंती लेकीला म्हणाली. "तोंड बघू. ओठ कशानं फुटले तुजे?"

"थंडीने."

"भोईवाड्यात थंडी पडली आन् आमच्या कोळीवाड्यात नाय पडली?"

 ऋताने मनूला आईच्या हातून घेतलं आणि तिच्या टाळूवर गाल टेकवला. मग ती खाली बसली आणि एका दमात सगळं बोलून टाकलं: बुधवार, रेनकोट, दिवसाला चार घोट पाणी, अर्धी भाकरी, सरावामुळे चुकलेलं दुपारचं पाजणं. सांगताना तिने कुठेही अण्णांचं नाव घेतलं नाही. घेण्याची गरजही नव्हती.

मीनाक्षी नवऱ्याकडे वळली.

"आयुष्यभर पाणी खात्यात नोकरी केलीत," ती म्हणाली, "मोठमोठ्या थकबाकीदारांचं पाणी तोडायला तुमचा हात थरथरायचा. आणि घरातल्या अंगावर पाजणाऱ्या पोरीचं पाणी तोडलंत? खुळावलात काय?"

"चार दिवसांचा प्रश्न होता," अण्णा म्हणाले. "आम्ही सगळ्यांनी केलंय."

"तुमच्यापैकी कोण पाजत होतं?"

 अण्णांनी हातातलं घड्याळ खिशात टाकलं.

"रेनकोट मी घातला आई," ऋता सासूला म्हणाली. "त्यांनी जबरदस्ती केली नाही. मलाच जायचं होतं."

उन्मेषने रांगोळीचा डबा बाजूला ठेवला. घरातल्या वादात त्याची जागा ठरलेली होती, दाराजवळ, चपलेत एक पाय घालून. या वेळी त्याने दोन्ही पाय घातले. "प्रिया डॉक्टरांचा दवाखाना रविवारी बारापर्यंत असतो," तो म्हणाला. "ऋता, चल. बाकीचं आल्यावर."

*

प्रिया डॉक्टर भोईवाड्याच्या नाक्यावर बसायच्या आणि कुणालाही खुर्चीत टेकायच्या आत प्रश्न विचारायच्या. त्यांनी मनूला काट्यावर ठेवलं, तोंडात बोट फिरवून पाहिलं, टाळू चाचपली. मनूने त्यांच्या स्टेथोस्कोपची नळी धरली आणि सोडेना. उन्मेषचं लक्ष काट्यावरून हटत नव्हतं.

"दहा दिवसांपूर्वीपेक्षा शंभर ग्रॅम कमी," डॉक्टर म्हणाल्या. "वाढायला हवं होतं. पण तोंड ओलं आहे, खेळतेय, पकडसुद्धा आईसारखीच आहे. घाबरू नका. आज लक्षात आलं, म्हणून घाबरू नका म्हणतेय. आणखी चार दिवसांनी आला असतात तर मी वेगळ्या आवाजात बोलले असते."

ऋताचे डोळे भरले. तिने ते पुसले नाहीत. "माझं दूध गेलं का?"

"जातं कुठे? एखाद दिवस पाणी कमी प्यायलं म्हणून दूध आटत नाही. पण तुम्ही पाणी तोडलं, जेवण निम्म्यावर आणलं, वर रबरात पळलात आणि पाजण्याच्या वेळाही चुकवल्या. बाळ जेवढं ओढेल तेवढं दूध येतं. आता दोन दोन तासांनी घ्या तिला अंगावर. तहान लागेल तेव्हा पाणी, भूक लागेल तेव्हा जेवण. आजपासून खीरही सुरू करताय ना? करा, पण ती दुधाच्या जागी नाही, दुधाच्या जोडीला. दिवसाकाठी सहा तरी लंगोट ओले व्हायला हवेत. आता किती झाले?"

"सकाळपासून एक," उन्मेष म्हणाला.

"रात्री आठपर्यंत मोजा आणि मला फोन करा. सहाच्या खाली असतील तर उद्या सकाळपर्यंत थांबायचं नाही."

"आणि माझं वजन?" ऋताने विचारलं. विचारताना तिला लाज वाटली, आणि लाज वाटली याचा रागही आला.

डॉक्टरांनी कागदावरून मान वर केली. "तीन महिने उत्तम चाललं होतं तुमचं. मी इतर बायांना तुमचं उदाहरण देते. आठवड्याला अर्धा किलो, पाजून, खाऊन, पिऊन. तेच पुढे चालू ठेवा. कबड्डी सोडा असं मी म्हणाले का?"

जिन्यावरून उतरताना उन्मेषने मनूला घेतलं आणि ऋताच्या हातात पाण्याची बाटली दिली. तिने ती तिथेच, भिंतीला टेकून, अर्धी संपवली.

"पाच वाजताचं गेलं," ती म्हणाली.

"हो."

"तुला बरं वाटतंय?"

उन्मेषने विचार केला. खोटं बोलणं सोपं होतं. "मनूचं कळलं म्हणून बरं वाटतंय. तुझं वाईट वाटतंय. मला कबड्डीतलं काही कळत नाही, पण तू खेळून घरी येतेस तेव्हा घरात जागा जास्त झाल्यासारखी वाटते."

ऋताने त्याच्याकडे पाहिलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि हे त्याने पहिल्यांदा सांगितलं होतं. "हे आधी सांगायला काय झालं होतं रे?"

*

घरी भावेश आला होता आणि सगळ्यांचे पडलेले चेहरे पाहून बिचारा वाटी हातात घेऊन बसला होता. ऋताने मनूला पाजलं. सगळे बाहेरच्या खोलीत कान देऊन बसले. मनू या वेळी बराच वेळ प्यायली. मग उष्टावण झालं, दोन तास उशिरा, पण झालं. भावेशने सोन्याच्या अंगठीने खिरीचा थेंब मनूच्या जिभेवर टेकवला. मनूने आधी तोंड वाकडं केलं आणि मग मामाचं बोटच धरलं. कुणीतरी हसलं, आणि घरातली हवा जरा सुटली.

मग दमयंतीने विषय काढला.

"आता खेळ पुरे," ती म्हणाली. "मीनाक्षीताई, तुमी सांगा तिला. तुमचं ऐकंल. सहा महिन्यांचं पोर घरात, आन् ही मैदानात लोकांच्या तंगड्या धरणार?"

दोन विहिणी एकाच बाजूला आल्या म्हटल्यावर अण्णांनी आशा सोडली. मीनाक्षीचं मत त्यांना पाठ होतं. लाडवांपासून ते लेगिंगपर्यंत ऋताच्या कबड्डीतली एकही गोष्ट तिला पटलेली नव्हती.

मीनाक्षीने पदराने हात पुसले. "मी नाही सांगणार," ती म्हणाली.

"काय?"

"तीन महिने ती रोज सकाळी पाजून चालायला जायची. मी तोंड फुगवून बसले होते, पण बघत होते. पोर वाढत होती, आई सुधारत होती. मला नाव ठेवायला जागा सापडेना, म्हणून तर लाडवांवरून भांडले. ते बरोबर चाललं होतं. हे चार दिवस चूक झाले. चूक खेळाची नाही, रेनकोटाची आहे." ती नवऱ्याकडे वळली. "अहो, सांगा तिला नायगावची फायनल."

"ती माहितीये तिला," अण्णा म्हणाले. "सगळ्या मंडळाला माहितीये."

"ती नाही. खरी."

ऋताने ती गोष्ट शंभरदा ऐकली होती. चौऱ्याऐंशी साली अण्णांनी तीन दिवसांत साडेतीन किलो उतरवले, वजनात बसले, फायनलला शेवटची चढाई केली, मध्यरेषेला बोट टेकवलं, आणि पंचाला ते दिसलं नाही. आंधळा पंच हा भोईवाड्यात आजही वाक्प्रचार होता.

अण्णांनी आपला तळहात उलटा करून पाहिला.

"बोट टेकलं नव्हतं," ते म्हणाले. "हातभर लांब होतं. दुसऱ्या चढाईपासूनच पोटऱ्यांत गोळे आले होते. शेवटच्याला डोळ्यांपुढे अंधारी आली. मला मध्यरेषाच दिसत नव्हती, तर पंचाने काय दिलं ते कुठून दिसणार? लोकांनी आरडाओरडा केला, पंचावर धावून गेले. मी काही बोललो नाही. बिचाऱ्याला पुढे कुणी पंच म्हणून बोलावलं नाही."



"लग्नाला दोन महिने झाले होते," मीनाक्षी म्हणाली. "मी मैदानात होते. यांना उचलून आणलं. ही गोष्ट कुणाला सांगू नकोस म्हणाले, मी नाही सांगितली. बेचाळीस वर्षं झाली."

"ऋता," अण्णा म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच म्हाताऱ्या माणसाचा वाटला, "चुकलं माझं. वजनात बसलीस की झालं, एवढंच दिसत होतं मला. तू आज खेळू नयेस असं मला वाटतं."

सकाळी जो एकटा तिच्या बाजूने होता तो आता थांब म्हणत होता, आणि जी विरोधात होती ती खेळ म्हणत होती. ऋताला हसूच आलं. तिने मनूला खांद्यावर घेऊन पाठीवर थोपटलं.

"मी खेळणार नाही," ती म्हणाली. "पण मी मैदानावर जाणार. 'आलीच नाही' असं लिहायला नको माझ्या नावापुढे. वजन देणार, जे आहे ते. आये, तू पण चल."

"मी कशाला?"

"तुला हातानं कळतं. काटा खोटा असेल तर सांगशील."

*

लालबागच्या मैदानात मंडपाच्या एका कोपऱ्यात टेबल मांडलं होतं आणि टेबलाशेजारी वजनकाटा. रांगेतल्या मुली जाकीट, बूट, कानातलीसुद्धा काढून उभ्या होत्या. ऋता निघण्याआधी जेवून, दोन तांबे पाणी पिऊन आणि मनूला पुन्हा पाजून आली होती. मनू मंडपाच्या कडेला दमयंतीच्या मांडीवर, चौथा लंगोट बदलून घेऊन बसली होती. घरातलं कॅलेंडर अण्णांनी खिळ्यावरून काढून सोबत आणलं होतं. प्रत्येक लंगोटाला त्यावर पेन्सिलीची एक रेघ. हे काम त्यांनी कुणी न सांगता अंगावर घेतलं होतं.

संघाची कप्तान आकांक्षा पळतच आली. "किती आहे ताई?"

"जास्त आहे."

"अण्णा तर काल म्हणाले बसतेय! अजून अर्धा तास आहे. मागच्या बाजूला जाऊन उड्या मार, मी..."

"नाही," ऋता म्हणाली. "यंदा डावा कोपरा तू घे. तुझी पकड माझ्यापेक्षा लवकर बसते, फक्त घाई करतेस. समोरच्याचा पाय जमिनीवर टेकेपर्यंत थांब."

ती काट्यावर चढली. आकडे हलले, थांबले. शहात्तर किलो आठशे. टेबलामागच्या माणसाने वर पाहिलं. तो तिला ओळखत होता.

"मॅडम, लिहू का? लिहिलं की यंदा निवडीला नाव नाही जाणार."

"लिहा."

त्याने लिहिलं.  जिल्ह्याच्या संघातलं तिचं नाव तिच्या डोळ्यांदेखत एका निळ्या पेनाने गेलं होतं. पण पाय काट्यावरून उतरले तेव्हा ते घट्ट होते. चार दिवसांत पहिल्यांदा तिला चक्कर येत नव्हती.

मागे रांगेत एक नवी मुलगी होती, अठरा-एकोणीसची. काट्यावर चढली आणि रडकुंडीला आली. नऊशे ग्रॅम जास्त. ती धावत अण्णांकडे आली. "अण्णा, तो रेनकोट आहे का हो? आमचे सर म्हणाले, तुमच्याकडे असतो."

आजूबाजूला मंडळातली जुनी माणसं बसली होती. नायगावची फायनल त्यांना पाठ होती. अण्णांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा सुनेकडे.

"रेनकोट आता मिळायचा नाही," ते मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "बस बाळा. मी तुला सांगतो, नायगावला माझं बोट कुठे पडलं होतं."

*

ते घरी आले तेव्हा मीनाक्षी बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसली होती, आणि तिच्या मांडीवर रेनकोट होता. तिने कुणाला विचारलं नव्हतं. शिवणकामाच्या मोठ्या कात्रीने तिने बाह्या कापल्या होत्या, टोपी कापली होती, आणि आता पाठीचा सरळ चौकोन काढत होती. अण्णा दारात थबकले. 

"रबर चांगलं आहे," मीनाक्षी मान वर न करता म्हणाली. "एवढं जाड हल्ली मिळत नाही."

तो चौकोन तिने गोधडीवर पसरला, त्यावर मऊ दुपटं, आणि दुपट्यावर मनूला ठेवलं. मनूने नव्या अंथरुणाला टाचा मारून पाहिल्या. पावणेसात झाले होते. कॅलेंडर पुन्हा खिळ्यावर गेलं होतं आणि त्यावर पाच रेघा होत्या. पाचवा मैदानावरून येताना टॅक्सीत झाला होता. आठपर्यंत आणखी एक लागत होता.

ऋता भिंतीला टेकून बसली, हातात पाण्याचा तांब्या. "अण्णा, घोडपदेवची स्पर्धा कधी आहे?"

"पाच आठवड्यांनी." ते कॅलेंडरसमोरच उभे होते, पेन्सिल कानामागे. "एक किलो आठशे उतरवायचेत. आठवड्याला अर्धा किलो म्हणजे चार आठवड्यांत होतं. एक आठवडा हातचा."

"तिथून निवड होत नाही."

"नाही होत."

"तरी खेळायचं."

"खेळायचं म्हणजे काय! रोज सकाळी मनूला पाजून झालं की मी येतो तुझ्याबरोबर चालायला. बाटली मी धरीन."

"आणि लाडू?" मीनाक्षीने विचारलं.

"अर्धा," ऋता म्हणाली.

"पाऊण."

ऋताने आईकडे पाहिलं. दमयंतीने डोळे मिटून मान हलवली. तिने तेवढं मान्य केलं होतं. म्हणजे बहुतेक पाऊणच.

तेवढ्यात मनू एकदम स्तब्ध झाली. हातपाय मारायचं थांबली, छताकडे टक लावून पाहत राहिली. खोलीतली सगळी माणसं तिच्याकडे पाहायला लागली. मग दुपट्याखालून एक ओला डाग पसरला, रबरापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. रबरातून थेंबही खाली उतरला नाही.

"सहा!" उन्मेष ओरडला. भोईवाड्याने एवढा मोठा आवाज त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

अण्णांनी कानामागची पेन्सिल काढली, कॅलेंडरवर सहावी रेघ ओढली, मग दोन पावलं मागे सरकून ती सरळ आली आहे का ते पाहिलं. ज्या रेनकोटात मंडळाच्या तीन पिढ्यांचा घाम गेला होता, त्यावर त्यांची नात ओली होऊन हसत होती. अण्णा खाली बसले, त्यांनी तिचा घोटा दोन बोटांत धरला, आणि बराच वेळ सोडला नाही.